सी मध्ये स्ट्रिंग ट्रिम करताना ‘मीठ’मधला ‘ठ’ का जातो?

किराणा मालाच्या यादीत ‘मीठ’ आहे. वापरणारा ‘मीठ’ टाइप करतो आणि प्रोग्रॅम म्हणतो, अशी वस्तू नाही. प्रोग्रॅम सी मध्ये लिहिलेला, उबुंटूवर चालणारा. यादी दुकानातल्या विंडोज संगणकावरून एक्सेलच्या ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ पर्यायाने काढलेली. मग कोणीतरी घाईघाईने एक ट्रिम फंक्शन, म्हणजे स्ट्रिंगच्या टोकांची मोकळी जागा कापणारं फंक्शन, लिहितं, तेवढ्यापुरतं भागतं, आणि पुढची फाइल आली की तीच तक्रार वेगळ्या रूपात परत येते. आता ‘मीठ’ सापडतं, पण ‘भात’चा ‘भा’ झालेला असतो.

ही तक्रार वारंवार येते याचं कारण असं की बहुतेक ट्रिम फंक्शनं नेमकं काय कापायचं आहे हे न पाहता लिहिली जातात. इंग्रजी मजकुरावर ती निभावून जातात. मराठी मजकुरावर तीच फंक्शनं अक्षरं तोडतात. म्हणून खाली सगळी उदाहरणं मुद्दाम मराठी डेटाची घेतली आहेत.

वाचण्यापूर्वी एक सूचना. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत आणि बाइटच्या किमती दशमान पद्धतीत. एडिटरमध्ये टाइप करताना अर्थातच सी च्या नेहमीच्या लिपीत आणि अंकांत लिहायचं.

आधी बाइट बघा

स्ट्रिंग छापून बघणं हा पुरावा नव्हे. प्रिंटएफने चौकटी कंसात स्ट्रिंग छापली आणि पडद्यावर [मीठ] ऐवजी ]मीठ असं काहीतरी विचित्र दिसलं, तर समजा की शेवटी १३ क्रमांकाचा बाइट, म्हणजे कॅरेज रिटर्न, बसलेला आहे. त्या बाइटमुळे टर्मिनलचा कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि बंद होणारा कंस उघडणाऱ्या कंसावर जाऊन बसतो. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. पण स्पेस, टॅब किंवा न दिसणारी इतर कॅरेक्टरं अशी खूणही देत नाहीत.

म्हणून प्रत्येक बाइट अनसाइन्ड कॅर म्हणून आकड्यात छापा. लिनक्सवर ओडी ही कमांडही तेच काम करते. तिला दशमान बाइटचा पर्याय द्यायचा. वरच्या यादीतली पहिलीच ओळ ‘मीठ’ असेल तर हे दिसतं:

२३९ १८७ १९१ २२४ १६४ १७४ २२४ १६५ १२८ २२४ १६४ १६० १३ १०

पहिले तीन बाइट म्हणजे बीओएम, एक्सेलने फाइलच्या तोंडाशी लावलेली खूण. पुढचे नऊ बाइट म्हणजे म, ी आणि ठ, प्रत्येकी तीन, कारण यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. शेवटचे दोन, १३ आणि १०, ही विंडोजची ओळ संपवायची पद्धत. विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली तर लायब्ररी १३-१० ची जोडी एका १० मध्ये बदलून देते. लिनक्सवर टेक्स्ट आणि बायनरी मोडमध्ये फरकच नाही, त्यामुळे १३ जसाच्या तसा आत येतो. एकच सोर्स कोड एका मशीनवर चालतो आणि दुसऱ्यावर फसतो तो यामुळे.

‘फक्त पहिलीच वस्तू सापडत नाही, बाकी सगळ्या सापडतात’ अशी तक्रार असेल तर दुसरीकडे शोधू नका, बीओएमच आहे. तो फाइलच्या पहिल्या ओळीत, अगदी सुरुवातीला, एकदाच तपासायचा आणि तीन बाइट पुढे सरकायचं. प्रत्येक ओळीच्या ट्रिममध्ये त्याला गोवायची गरज नाही.

शेवटची न्यूलाइन आणि ‘लांबी वजा एक’

फाइलमधून एकेक ओळ वाचणारं एफगेट्स न्यूलाइन बफरमध्येच ठेवतं. जुनं गेट्स ती काढून टाकायचं, पण बफर किती मोठा आहे हे त्याला माहीतच नसायचं, म्हणून सी-११ च्या प्रमाणकात ते वगळलं गेलं. आपल्याकडच्या कित्येक प्रॅक्टिकलच्या वह्यांत ते अजून आहे. ते वापरू नका; न्यूलाइन आपोआप जाते एवढ्या सोयीसाठी मेमरी फाटू देणं परवडत नाही.

एफगेट्सनंतर बहुतेक जण हे लिहितात:

ओळ[स्ट्रलेन(ओळ) - १] = ०;

या ओळीत दोन धोके आहेत. पहिला, फाइलच्या शेवटच्या ओळीला न्यूलाइन नसेल तर खरा बाइट कापला जातो. ती ओळ ‘मीठ’ असेल तर १६० जातो, उरतात २२४ आणि १६४, आणि पडद्यावर ‘मी’ पुढे प्रश्नचिन्हाची चौकट येते. इंग्रजी शब्द असता तर निदान एक अख्खं अक्षर गेलं असतं. इथे अक्षराचा तुकडा मागे राहतो आणि पुढे डेटाबेससुद्धा तो नाकारू शकतो.

दुसरा धोका लांबी शून्य असताना. स्ट्रिंगची लांबी सांगणारं स्ट्रलेन साइझ_टी या प्रकारची संख्या देतं, ती ऋण होत नाही, त्यामुळे शून्य वजा एक म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या आणि लिहिलं जातं बफरच्या बाहेर. ‘एफगेट्स रिकामी स्ट्रिंग कशी देईल, निदान न्यूलाइन तरी असेलच ना?’ असा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर यूटीएफ-१६ च्या फाइलमध्ये मिळतं. एक्सेलमधून ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून फाइल काढली की ती यूटीएफ-१६ मध्ये येते आणि न्यूलाइन असते १० ०. एफगेट्स १० वर थांबतं, पुढच्या ओळीचा पहिलाच बाइट ० येतो, आणि स्ट्रलेनच्या दृष्टीने ती ओळ रिकामी.

यूटीएफ-१६ मधली देवनागरी ट्रिमसाठी तर भलतीच घातक आहे. या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा दुसरा बाइट ९ असतो, आणि ९ म्हणजे टॅब. ‘मीठ’ होतं ४६ ९ ६४ ९ ३२ ९. त्यात ‘ठ’ म्हणजे ३२ आणि ९, स्पेस आणि टॅब! मोकळी जागा काढणारं कोणतंही फंक्शन हा ‘ठ’ कसलाही आवाज न करता गिळून टाकतं. फाइलच्या सुरुवातीला २५५ २५४ दिसले तर ट्रिमचा विचार सोडा. आधी आयकॉन्व्ह या संकेत बदलणाऱ्या कमांडने फाइल यूटीएफ-८ करून घ्या आणि मग पुढे जा.

फक्त न्यूलाइन काढायची असेल तर स्ट्रसीएसपीएनचा जुना मार्ग उत्तम आहे: न्यूलाइन जिथे सापडेल त्या जागी शून्य ठेवायचं. ती नसेल तर ते फंक्शन पूर्ण लांबी देतं आणि शून्याच्या जागी शून्यच लिहिलं जातं, काही बिघडत नाही. १३ आणि १० दोन्ही काढायचे असतील तर मला हे लूप जास्त आवडतं, कारण ते शेवटाकडूनच बघतं:

साइझ_टी ला = स्ट्रलेन(ओळ);
व्हाइल (ला > ० && (ओळ[ला-१] == १० || ओळ[ला-१] == १३))
  ओळ[--ला] = ०;

‘ला > ०’ ही अट आधी हवी. ती नंतर लिहिली तर तपासणीच्या आधीच बफरबाहेरचा बाइट वाचला जातो.

इजस्पेस आणि ऋण कॅर

पुढची पायरी म्हणून स्पेस, टॅब सगळंच काढायला, कॅरेक्टर मोकळी जागा आहे का हे सांगणारं इजस्पेस वापरलं जातं. डीफॉल्ट ‘सी’ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग) ते सहा कॅरेक्टरांना हो म्हणतं: ९ ते १३ आणि ३२. तोवर ठीक. पण या फंक्शनची अट अशी की त्याला दिलेली किंमत अनसाइन्ड कॅरच्या मर्यादेत असावी किंवा ईओएफ (फाइल संपल्याची खूण) असावी. इंटेल-एएमडी मशीनवर साधा कॅर सहसा साइन्ड असतो, म्हणजे देवनागरीचा २२४ हा बाइट उणे ३२ होऊन आत जातो. प्रमाणकानुसार मग काय होईल याची हमी नाही. लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीने अशा ऋण किमतींसाठीही तक्त्यात जागा ठेवलेली आहे, म्हणून तिथे सहसा काही जाणवत नाही. तोच कोड व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबग बिल्डमध्ये चालवला की असर्शनची खिडकी उघडते आणि प्रोग्रॅम थांबतो. लिनक्सवर चालणाऱ्या एआरएम बोर्डांवर कॅर सहसा अनसाइन्ड असतो, तिथे पुन्हा सगळं सुरळीत.

उपाय एका कास्टचा, म्हणजे किमतीचा प्रकार बदलण्याचा, आहे: इजस्पेस((अनसाइन्ड कॅर)ओळ[ला-१]). मराठी, हिंदी, कुठल्याही भारतीय भाषेचा मजकूर हाताळणाऱ्या कोडमध्ये हा कास्ट नसेल तर कोड रिव्ह्यूमध्ये तो परत पाठवावा, इतकं मी ठामपणे म्हणेन.

१६० चा घोटाळा

आता ‘ठ’ कडे येऊ. वेबपेजवरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात नॉन-ब्रेकिंग स्पेस, म्हणजे ओळ तुटू न देणारी जागा, हमखास येते. जुन्या विंडोज-१२५२ किंवा लॅटिन-१ संकेतात ती एकच बाइट असते: १६०. कोणीतरी जुना कोड बघून ट्रिमच्या यादीत १६० टाकतं. यूटीएफ-८ मध्ये मात्र ती जागा दोन बाइटची आहे, १९४ १६०, आणि एकटा १६० इतर अक्षरांचा भागही असतो. ‘ठ’ म्हणजे २२४ १६४ १६०. त्यामुळे मीठ, पीठ, मठ, ओठ, पाठ या सगळ्यांच्या शेवटचा बाइट १६० आहे. ट्रिम केलं की या शब्दांची शेवटची अक्षरं मोडतात आणि ‘साखर’, ‘तूप’ मात्र शाबूत राहतात. चाचणीसाठी नेमके तेच शब्द घेतले असतील तर चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

यादीत १६० हाताने टाकला नाही तरी सुटका होईलच असं नाही. काही सिस्टिमवर लोकेल बदललं की इजस्पेसच १३३ आणि १६० या बाइटना मोकळी जागा मानतं. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या एचस्टोअर या भागात २०२३ साली याच कारणाने दुरुस्ती झाली: यूटीएफ-८ मध्ये १९६ १३३ असं येणारं एक पोलिश अक्षर वाचताना शेवटचा बाइट मोकळी जागा समजून टाकला जात होता. आपल्या लिपीत ‘अ’ आणि ‘ॅ’ ही चिन्हं १३३ वर संपतात.

यातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे बाइट कापायचे नाहीत, पूर्ण क्रम कापायचे. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ आखलं तेव्हा दोन गोष्टींची काळजी घेतली: १२८ च्या खालचा बाइट कधीही दुसऱ्या अक्षराच्या पोटात येत नाही, आणि अक्षराचा पहिला बाइट पुढच्या बाइटसारखा कधी दिसत नाही. म्हणजे शेवटी १९४ १६० सलग सापडले तर ती नॉन-ब्रेकिंग स्पेसच, दुसरं काही असू शकत नाही. स्पेस, टॅब, १० आणि १३ तर एकेकटे कापले तरी सुरक्षित.

दंड काढताना ‘भात’चा ‘भा’

हीच चूक स्ट्रएसपीएन, स्ट्रसीएसपीएन आणि स्ट्रटोक वापरताना जास्त लपून होते. या तिन्ही फंक्शनांना दिलेली ‘नको असलेल्या कॅरेक्टरांची’ स्ट्रिंग म्हणजे सुट्या बाइटचा संच असतो. समजा, संस्कृत किंवा जुन्या मराठी मजकुरातला दंड ‘।’ शेवटून काढायचा आहे आणि तो संच म्हणून दिला. फंक्शनला दिसतात तीन वेगळे बाइट: २२४, १६५, १६४. आता ‘भात।’ शेवटून कापत चला. १६४, १६५, २२४ गेले, म्हणजे दंड गेला. पण लूप थांबत नाही. ‘त’ म्हणजे २२४ १६४ १६४, तिन्ही बाइट संचातलेच. ‘त’ पूर्णच्या पूर्ण जातो. मग येतो ‘ा’चा १९०, तो संचात नाही, तिथे थांबतं. हाती ‘भा’ राहतं, आणि ते वैध यूटीएफ-८ असल्यामुळे कुठलीही तपासणी त्यावर बोट ठेवत नाही. ‘थ’चंही तसंच होतं. डावीकडून असा संच लावला तर याहून वाईट: देवनागरीचं प्रत्येक अक्षर २२४ ने सुरू होत असल्याने प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर तुटतं.

म्हणून संच द्यायचा नाही, शेपटांची यादी द्यायची. स्पेस, टॅब, १०, १३, नॉन-ब्रेकिंग स्पेस, दंड, झिरो-विड्थ स्पेस (२२६ १२८ १३९) अशी प्रत्येक शेपूट स्वतंत्र स्ट्रिंग म्हणून एका ॲरेमध्ये ठेवा. मग बाइटची तुलना करणाऱ्या मेमसीएमपीने शेवटाशी ताडून बघा:

प = स्ट्रलेन(शेपूट[आय]);
इफ (ला >= प && मेमसीएमपी(ओळ + ला - प, शेपूट[आय], प) == ०) {
  ला -= प;
  ओळ[ला] = ०;
}

एक शेपूट कापली की यादी पुन्हा पहिल्यापासून बघा, कारण दंडामागे स्पेस आणि स्पेसमागे टॅब असू शकतो. कोणतीच शेपूट जुळली नाही की काम संपलं. सुरुवातीकडूनही हीच पद्धत.

झिरो-विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं कॅरेक्टर (२२६ १२८ १४१), मात्र या यादीत आणताना हात आखडता घ्या. काही कीबोर्डवर ‘दऱ्या’मधला र त्या जॉइनरनेच लिहिला जातो. ‘न दिसणारं सगळं काढा’ म्हणून स्ट्रिंगच्या मधून तो उडवला तर डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्र, म्हणजे ‘दर्या’, होतो. ट्रिम म्हणजे दोन टोकं. मधल्या मजकुराला हात लावायचा नाही.

डावीकडून कापताना मेमरी

सुरुवातीच्या स्पेस काढायचा सोपा मार्ग म्हणजे पॉइंटर पुढे सरकवणं. तो चालतो, पण मॅलॉकने घेतलेली मेमरी सोडताना तोच सरकलेला पॉइंटर फ्रीला दिला तर ग्लिबसी ‘इनव्हॅलिड पॉइंटर’ म्हणून प्रोग्रॅम बंद पाडते. मूळ पॉइंटर वेगळा जपा, किंवा मजकूरच मागे सरकवा. सरकवायला मेममूव्ह वापरा आणि शेवटचं शून्यही येईल अशा बेताने ला + १ बाइट हलवा.

इथे स्ट्रसीपीवाय किंवा मेमसीपीवाय वापरायचा मोह टाळा. उगम आणि मुक्काम एकमेकांवर येत असतील तर या दोघांची हमी संपते, मग तो कोड कित्येक वर्षं चाललेला का असेना. २०१० साली ग्लिबसीने काही प्रोसेसरवर मेमसीपीवाय शेवटाकडून कॉपी करायला लावलं आणि फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला. तिथे एकमेकांवर येणाऱ्या मेमरीसाठी हेच फंक्शन वापरलेलं होतं. त्या बगच्या चर्चेत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सही उतरले होते.

ट्रिमला थेट अवतरणातली स्ट्रिंग पॉइंटरने देणं हेही नेहमीचं दुखणं. ती मेमरी सहसा फक्त वाचण्यापुरती असते, लिहायला गेलं की सेगमेंटेशन फॉल्ट. चाचणीची स्ट्रिंग ॲरे म्हणून घोषित करा, प्रश्न मिटतो.

लांब ओळ, आणि स्कॅनएफचं उरलंसुरलं

देवनागरीला तिप्पट बाइट लागतात हे बफर ठरवताना विसरलं जातं. ३२ बाइटच्या बफरमध्ये एफगेट्स ३१ वाचतं: दहा चिन्हं पूर्ण आणि अकराव्याचा एकच बाइट. उरलेला भाग पुढच्या वाचनात ‘नवी ओळ’ बनून येतो. शेवटी न्यूलाइन नाही आणि फाइल संपली का हे सांगणारं एफईओएफही खरं नाही, तर ओळ अर्धवट आहे असं समजा. न्यूलाइन काढण्याच्या आधीच ही तपासणी करायला हवी, नंतर पुरावा राहत नाही. लिनक्सवर गेटलाइन असेल तर तेच घ्या. ते हवी तेवढी मेमरी स्वतः वाढवतं आणि लांबीही परत देतं. न्यूलाइन मात्र तेही ठेवतंच.

आणि ‘संख्या विचारल्यावर नाव विचारतच नाही’ ही पहिल्या वर्षाची तक्रार: स्कॅनएफने आकडा उचलला, त्यामागची न्यूलाइन तिथेच पडून राहिली, पुढच्या एफगेट्सला तीच मिळाली. इथे ट्रिम करून उपयोग नाही. आकडाही एफगेट्सने ओळ म्हणून वाचा आणि एसटीआरटीओएलने संख्येत बदला.

चाचणीसाठी निदान एवढ्या स्ट्रिंग ठेवा: रिकामी, फक्त न्यूलाइन, फक्त स्पेस, न्यूलाइन नसलेलं ‘मीठ’, १३-१० असलेलं ‘पीठ’, मागे १९४ १६० असलेलं ‘पीठ’, ‘भात।’, दोन शब्दांच्या मध्ये स्पेस असलेलं ‘तूर डाळ’, आणि ‘दऱ्या’ दोन्ही पद्धतींनी टाइप केलेलं. जीसीसी किंवा क्लँगला ॲड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाचा पर्याय लावून बिल्ड करा. लांबी शून्य असतानाचं बफरबाहेरचं लिहिणं आणि एकमेकांवर येणारं स्ट्रसीपीवाय, दोन्ही तो ओळ क्रमांकासकट पकडून देतो. अक्षर तुटलं का हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक चाचणीचा निकाल नजरेने न बघता, अपेक्षित बाइटशी मेमसीएमपीने ताडून बघा.